दातांच्या इम्प्लांटनंतर : शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्या दाताने भाकरी खाण्यापर्यंत

दाताचे इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू आणि काही महिन्यांनी त्यावर चढवली जाणारी कॅप. एका दातापुरता स्क्रू बसवण्याचे काम बहुधा तासाभरात आटोपते. पण तो हाडाशी एकजीव होण्यास खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तेथील हाड अधिक विरळ असल्यामुळे, चार ते सहा महिने लागू शकतात. हाड टायटॅनियमला थेट धरून वाढते हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या संशोधनातून पुढे आले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. तेव्हापासून स्क्रूचा आकार, त्याचा पृष्ठभाग आणि बसवण्याची पद्धत यांत बरीच सुधारणा झाली. हाडाला लागणारा वेळ मात्र पूर्णपणे टाळता आलेला नाही. आपल्या मराठवाड्यात खरा धोका याच काळात असतो. पहिल्या आठवड्यात दुखते म्हणून सगळेच जपतात. दुखणे थांबले की तंबाखूची पुडी पुन्हा खिशात येते, कडक भाकरी ताटात येते आणि ‘आता कशाला दाखवायचे’ म्हणून शहराची फेरी टळते. त्यामुळे पहिल्या आठवड्याइतकेच लक्ष पुढच्या, न दुखणाऱ्या महिन्यांकडे द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तारीख घेण्याआधी

शस्त्रक्रियेची तारीख शेतीच्या आणि घरच्या कामांकडे पाहून घ्यावी. पाऊस पडला की पेरणी थांबत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरचे चार-पाच दिवस वाकणे, पोती उचलणे, उन्हात राबणे यामुळे जखम पुन्हा वाहू लागते. सोयाबीनची काढणी किंवा घरातले लग्न तोंडावर असेल तर काम त्यानंतर करून घेतलेले बरे. बीड आणि धाराशिवकडील जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यांनी तर गावी परत आल्यानंतरच सुरुवात करावी, कारण मधल्या तपासण्या चुकल्या तर बिघाड वेळेवर कळत नाही.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी आधी करून घ्यावी. हा आकडा ७ च्या आसपास असला तर मधुमेहींचे इम्प्लांटही चांगले टिकते. ८ च्या वर असला तर बरेच डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात, आणि ते ऐकावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नयेत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन घेतले असेल, तर ते दंतवैद्यांना आवर्जून सांगावे. त्या औषधांमुळे जबड्याच्या हाडाची भरून येण्याची शक्ती कमी होऊ शकते, आणि वर्षातून एकदाच दिले जाणारे इंजेक्शन सांगायचे वयस्कर स्त्रियांच्या हमखास राहून जाते.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलायला हवे. चुना लावून मळलेली तंबाखू, महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही मिळणारा गुटखा, विडी, सिगारेट आणि मिश्री ही सगळी या बाबतीत एकाच रांगेतली आहेत. निकोटिनमुळे हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी पोहोचते आणि इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण वाढते. खेड्यातल्या पुष्कळ बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत. त्यामुळे ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला त्या मनापासून ‘नाही’ असे उत्तर देतात. सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. शस्त्रक्रियेच्या निदान एक आठवडा आधीपासून आणि नंतर किमान दोन महिने यांपैकी काहीही तोंडात जाऊ नये. कायमचे सुटले तर सर्वात उत्तम. वर्षानुवर्षे सुपारी खाऊन तोंड कमी उघडत असेल, तर आधी त्याचीच तपासणी करून घ्यावी.

पहिले चोवीस तास

काम संपल्यावर जखमेवर कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा ठेवतात. तो अर्धा ते एक तास घट्ट दाबून धरावा; चावत राहू नये आणि सारखा काढून पाहू नये. लाळ दिवसभर गुलाबी दिसणे स्वाभाविक आहे, कारण थोडेसे रक्तही लाळेत मिसळले की पुष्कळ वाटते. रक्त ताजे आणि भरपूर येत असेल तर स्वच्छ बोळा ओला करून पुन्हा अर्धा तास दाबावा. तरीही थांबले नाही तर दवाखान्यात फोन करावा.

या दिवशी थुंकणे, चूळ भरणे आणि स्ट्रॉने ओढून पिणे पूर्ण टाळावे. तिन्हींमुळे जखमेवर साकळलेले रक्त निघून येते, आणि भरून येण्याची सुरुवात त्या साकळलेल्या रक्तापासूनच होते. तंबाखू खाणाऱ्यांना थुंकण्याची सवय इतकी जडलेली असते की हात आपोआप पिकदाणीकडे जातो; त्यांनी लाळ शांतपणे गिळावी किंवा ओठ उघडून ओघळू द्यावी.

बधिरपणा तीन ते पाच तास टिकतो. तो उतरायच्या आतच दुखणे कमी करणारी पहिली गोळी घ्यावी, कारण ठणका सुरू झाल्यावर गोळीचा परिणाम दिसायला वेळ लागतो. कोणती गोळी हे डॉक्टरांनीच ठरवावे. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा दमा असणाऱ्यांनी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नयेत. गालावर बाहेरून बर्फ धरावा : रुमालात गुंडाळून वीस मिनिटे धरायचा, वीस मिनिटे थांबायचे, असे झोपेपर्यंत. गावात लाइट जात असेल तर बर्फ शहरातूनच थर्मासमध्ये घालून आणावा. तोही नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने थोडा तरी आराम मिळतो. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे.

परतीच्या प्रवासाचा विचार आधीच झालेला असावा. किनवट-माहूरकडून नांदेडला, उदगीर-देवणीकडून लातूरला किंवा भोकरदनकडून छत्रपती संभाजीनगरला आलेल्या माणसाने ती एक रात्र शहरात नातेवाइकांकडे काढावी, असे मला वाटते. रक्त वाहू लागले तर दवाखाना जवळ असतो आणि दुसऱ्या दिवशी दाखवून निघता येते. मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने जाणे टाळावे. हेल्मेटचा पट्टा सुजलेल्या गालावर दाबतो, आणि हेल्मेट काढून प्रवास करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गुंगीचे औषध दिले असेल तर त्या दिवशी कोणतेही वाहन स्वतः चालवू नये.

खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवले असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर वाट न पाहता त्याच सकाळी डॉक्टरांना कळवावे. स्क्रूचा दाब हाडातून जाणाऱ्या नसेवर पडत असेल तर तो लवकर काढल्यास किंवा थोडा मागे घेतल्यास संवेदना परत येण्याची शक्यता अधिक राहते.

टाके निघेपर्यंत

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर आणि झोपताना गुळण्या कराव्यात. पाणी तोंडात जोराने खळखळवू नये. मान हळू इकडून तिकडे झुकवावी आणि पाणी आपोआप पडू द्यावे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल तर उकळून कोमट केलेलेच वापरावे. क्लोरहेक्सिडीन हे गुळण्यांचे औषध दिले असेल तर दात घासल्यानंतर निदान अर्ध्या तासाने वापरावे, कारण टूथपेस्टमधील घटकांमुळे त्याचा परिणाम कमी होतो. या औषधाने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चहाने ते वाढतात. डाग नंतर साफ करता येतात. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासूनच मऊ ब्रशने घासावेत, फक्त जखमेला ब्रश लावू नये.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. सकाळी आरशात पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. गाल काळा-निळा होणे, तो रंग मानेपर्यंत उतरणे आणि आठ-दहा दिवसांत पिवळा पडून जाणे हे वयस्करांत नेहमीचे आहे. अठ्ठेचाळीस तासांनंतर बर्फ थांबवून कोमट शेक द्यावा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणे आणि सूज उतरत जायला हवी. उतरण्याऐवजी वाढू लागली, ताप १०१ अंशांवर गेला, पू किंवा घाण चव येऊ लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. जिभेखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्यांची वाट न पाहता १०८ ला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

वरच्या दाढांसाठी सायनसचा, म्हणजे दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीचा, तळ उचलून हाड भरले असेल तर निराळी पथ्ये असतात. दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी, आणि कपालभाती, शंख फुंकणे, बासरी किंवा सनई वाजवणे बंद ठेवावे, कारण दाबाने भरलेले हाड सरकू शकते. नित्य पूजेत शंख फुंकणाऱ्यांनी तेवढे दिवस ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

अँटिबायोटिक दिले असेल तर दुखणे थांबले म्हणून मध्येच सोडू नये. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर औषध चालू असताना आणि नंतरही दोन-तीन दिवस दारू पिऊ नये. एकादशी किंवा रोजे मध्ये येत असतील तर गोळ्यांच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. उपाशीपोटी वेदनाशामक घेतल्यास पोटात जळजळते, आणि भरून येण्याच्या दिवसांत पाणी कमी पिणेही योग्य नाही. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात किंवा ते आपोआप विरघळतात. विरघळणारे टाके असले तरी ही फेरी चुकवू नये. जखमेची कड नीट मिळाली की नाही हे घरी कळत नाही.

ताटात काय असावे

मराठवाड्याचे जेवण ज्वारीच्या भाकरीभोवती फिरते, आणि ‘भाकरी बंद’ म्हटले की माणूस अर्धा उपाशी राहतो. तसे होण्याची गरज नाही. पहिले दोन दिवस गार किंवा कोमट, न चावता गिळता येईल असे खावे : ज्वारीची आंबील, ताक, दही, पातळ वरण, भगरीची पेज, कुस्करलेले केळे, हंगाम असेल तर आमरस. गरम चहा त्या दिवसांत टाळावा किंवा गार करून घ्यावा. तिसऱ्या दिवसापासून मुगाची मऊ खिचडी, ताकातल्या कण्या, पातळ पिठले, मऊ उकडलेले अंडे चालते. आठवड्यानंतर ताजी, पापुद्रा काढलेली भाकरी वरणात किंवा दुधात चांगली भिजवून, कुस्करून दुसऱ्या बाजूने खाता येते. येसरची आमटी त्यासाठी उत्तम, मात्र तिखट बेताचे असावे. लातूर-धाराशिवकडे येळवशीला होणारी भज्जी, भरपूर डाळी आणि भाज्या एकत्र मऊ शिजत असल्यामुळे, या काळातले मला सर्वात पोषक जेवण वाटते. ती सणाची वाट न पाहता करावी. जखम भरायला प्रथिने लागतात, म्हणून नुसत्या पेजेवर दिवस काढू नयेत.

टाळायचे पदार्थही इथलेच आहेत. हुरड्याचे दाणे आणि त्यांचे तूस टाक्यांत अडकते. शेंगदाण्याच्या चटणीची आणि तिळाची कणी हिरडीखाली जाऊन बसते. ठेचा जखमेला झोंबतो. ऊस, कडक तिळगूळ, फुटाणे आणि वाळलेली भाकरी यांचे काय होते ते पुढे येते आहे. साबुदाण्याची खिचडी मऊ असली तरी चिकट आहे आणि तिच्यात दाण्याचा कूट असतो. उपवासाला भगर बरी.

तिसरा आणि चौथा आठवडा

या टप्प्याबद्दल रुग्णांना फारच कमी सांगितले जाते. स्क्रू बसवल्याच्या दिवशी तो घट्ट असतो, कारण तो हाडात आवळून बसवलेला असतो. पण जुन्या माळवदाची भिंत दुरुस्त करताना आधी सैल माती खरवडावी लागते, तसे शरीर स्क्रूच्या कडेचे दुखावलेले हाड आधी काढून टाकते आणि मग नवे भरते. जुने निघाले आहे आणि नवे अजून पक्के झालेले नाही, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. म्हणजे इम्प्लांटची पकड सर्वात कमी असते, नेमका तेव्हाच रुग्णाला काहीही दुखत नसते. या दिवसांत त्या बाजूने ऊस सोलला, फुटाणे फोडले, किंवा जिभेने आणि बोटाने स्क्रू सारखा चाचपला, तर सूक्ष्म हालचालीमुळे हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि इम्प्लांट पुढे हलू लागते. हलणारे इम्प्लांट पुन्हा आपोआप घट्ट होत नाही. ते काढावे लागते.

म्हणून सहा ते आठ आठवडे त्या बाजूने कठीण काही चावू नये. मधल्या काळासाठी काढता-घालता येणारा तात्पुरता दात दिला असेल तर तो जखमेवर दाबत नाही ना हे पाहून घ्यावे आणि रात्री काढून ठेवावा. हिरडीतून वर दिसणारी धातूची छोटी टोपी बसवली असेल तर तिच्याभोवती मऊ ब्रश फिरवावा. ती सैल झाली तर घरी पिळून बसवू नये, सापडली तर डबीत घालून दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठावा, कारण हिरडी लवकर मिटते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती आत्ताच सांगावी.

कॅप बसते तेव्हा

हाड पक्के झाल्याची खात्री एक्स-रे आणि हाताच्या तपासणीने होते. स्क्रू हिरडीखाली झाकलेला असेल तर छोटा छेद देऊन टोपी बसवतात, दोनेक आठवडे हिरडीला आकार येऊ देतात आणि मग माप किंवा स्कॅन घेतात. रंग ठरवताना दिवसाच्या उजेडात, आरसा हातात घेऊन पाहावे. मराठवाड्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे तिथल्या लोकांच्या दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके असतात; अशा ओळीत एकच शुभ्र कॅप बसवली तर ती लांबूनही वेगळी दिसते. शेजारच्या दातांसारखी छटा मागावी, आणि दात उजळवून घ्यायचे असतील तर ते काम कॅपच्या आधी करावे, कारण कॅपचा रंग नंतर बदलत नाही.

कॅप बसवल्यावर कार्बनचा कागद चावायला देऊन उंची तपासतात. ‘थोडी उंच लागते, पण सवय होईल’ असे म्हणून उठू नये. नैसर्गिक दात हाडात एका लवचिक पडद्याने धरलेला असतो आणि चावताना किंचित दबतो. इम्प्लांटला तो पडदा नसतो. त्यामुळे उंची जराशी जास्त असली तरी सगळा भार त्या एकाच स्क्रूवर येतो.

नव्या दाताची सवय

त्याच पडद्यात दाब ओळखणाऱ्या नसा असतात. त्या नसल्यामुळे पहिले काही आठवडे नवा दात परका वाटतो आणि किती जोराने चावतो आहोत हे नीट कळत नाही. मेंदू हाड, हिरडी आणि स्नायूंकडून येणाऱ्या संवेदनांवरून हे शिकत जातो, पण त्याला काही महिने लागतात. मऊ पोळी, शिजलेली भाजी, मग मऊ भाकरी, मग मटणाचे मऊ शिजलेले तुकडे असा क्रम ठेवावा. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावे. हाडूक फोडणे, सुपारी कातरणे, बाटलीचे झाकण उघडणे ही कामे या दातांची नाहीत, तशी ती नैसर्गिक दातांचीही नव्हती.

पुढचे दात किंवा पूर्ण जबडा नवा असेल तर बोलण्यात फरक पडतो. स, च, ज, त, द हे उच्चार जीभ दातांना किंवा त्यांच्या मागच्या भागाला टेकवून किंवा जवळ नेऊन होत असल्याने आधी तेच बिघडतात. फ आणि व ओठ अडखळल्यामुळे. रोज पंधरा-वीस मिनिटे वर्तमानपत्र किंवा हरिपाठ मोठ्याने वाचावा. लाळ वाढते, गाल किंवा जीभ चावली जाते. बहुतेकांचे हे दोन-तीन आठवड्यांत ओसरते. महिन्यानंतरही तोच उच्चार अडत असेल किंवा तोच गाल चावला जात असेल तर दोष सवयीचा नसून आकाराचा असू शकतो, आणि तो घासून दुरुस्त करता येतो. इम्प्लांटवर बटणाने अडकणारी कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी; तिची रबरी कडी झिजली की ती सैल होते, तेव्हा कडी बदलून घ्यावी.

कायमची निगा

टायटॅनियम किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड आजारी पडू शकते, आणि हा आजार बहुधा न दुखता वाढतो. घासताना रक्त येणे ही त्याची पहिली खूण आहे. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, आणि रात्री दोन दातांमधील फटीसाठी मिळणारा छोटा ब्रश वापरावा. त्याची तार प्लास्टिकने मढवलेली असावी. राखुंडी, खरबरीत मंजन आणि मिश्री यांनी कॅपची चकाकी जाते व हिरडी झिजते. टाचणी किंवा काडी घालून कोरण्याची सवय तर सोडायलाच हवी. पूर्ण जबड्याचे पक्के दात असतील तर त्यांच्याखाली अन्न साचते; तिथे पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र फार उपयोगी पडते. पहिली तपासणी तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी करावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढावा. ज्यांना खासगी दवाखान्याची फी परवडत नाही त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासणीसाठी चौकशी करावी.

एखाद्या दिवशी कॅप हलते आहे असे जाणवले तर इम्प्लांटच निकामी झाले असे धरून चालू नये. बऱ्याचदा आतला छोटा जोडस्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो; मात्र सैल कॅपने खात राहिले तर तो तुटतो. दुकानातला गोंद लावून ती चिकटवू नये. जोडस्क्रू फिरवायचा पाना कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून इम्प्लांटची कंपनी, लांबी, जाडी आणि लॉट क्रमांक लिहिलेले कार्ड डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी मागून घ्यावे, त्याचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही ठेवावा. आई-वडील पुण्याला किंवा हैदराबादला मुलाकडे राहायला गेले, तर त्या कार्डावरून तिथला डॉक्टर योग्य तो पाना मागवू शकतो.